मेन स्विच तुमच्या हातात असताना: गिऱ्हाईकाच्या घरात राजकारणाचा विषय निघाला तर

धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका आजोबांच्या घरी वायरिंगचं काम चालू होतं. मेन स्विच बंद, हॉलमधला बोर्ड उघडलेला, वायरी बाहेर लोंबतायत आणि मी शिडीवर. खाली टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, पहिल्या पानावर एका नेत्याचा भला मोठा फोटो. तो पाहून मी जो सुरू झालो तो वीस-पंचवीस मिनिटं थांबलोच नाही. आजोबा मधूनमधून "हो ना", "खरं आहे" म्हणत होते. मला वाटलं, माणूस आपल्याच विचारांचा निघाला. काम संपलं, बिल मिळालं, पुढच्या आठवड्यात दोन पंखे बसवायचंही ठरलं होतं.

पंख्यांसाठी फोन आला नाही. ते दुसऱ्या एका वायरमनने बसवले आणि त्याच्याकडूनच मला कळलं की ज्या पक्षाला मी शिडीवरून शिव्या घालत होतो, त्याच पक्षाच्या कामात आजोबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

बरेच दिवस मी चिडून होतो. एवढंच होतं तर तोंडावर सांगायचं ना! मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. त्या वेळी त्यांच्या घराची वीज माझ्या हातात होती. अर्धी भिंत उघडी होती. अशा वेळी शिडीवरच्या माणसाशी वाद कोण घालणार? त्यांच्या "हो ना"चा अर्थ "बाबा, आधी तो बोर्ड बंद कर" एवढाच होता.

हे फक्त वायरमनचं नाही. प्लंबर, रंगारी, सुतार, गाडीचे ड्रायव्हर, केस कापणारे, घरी येऊन आजाऱ्याची देखभाल करणारे, सफाईला येणारे, सगळ्यांचं सारखंच आहे. गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसलेला माणूस अर्धे केस कापलेले असताना उठून जाऊ शकत नाही. गाडीच्या मागच्या सीटवरचा माणूस मधेच उतरू शकत नाही. आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आपणही अडकलेलेच असतो, काम अर्धं आणि पैसे यायचे बाकी. दोघांनाही उठून जाता येत नाही अशा जागी चाललेल्या बोलण्याला मी गप्पा म्हणत नाही.

माझी स्वतःची मतं पक्की आहेत. निवडणूक आली की संध्याकाळी काम आटोपून मी प्रचारालाही जातो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मतं नसलेल्या माणसाचे उपदेश नाहीत. या धंद्यात जे नव्याने येतायत त्यांना माझ्यासारखी पंख्यांची कामं गमवावी लागू नयेत, म्हणून लिहितोय.

सोबत काय हवं

- कामाचा लेखी तपशील: काय करायचं, किती दिवसांत, पैसे कधी. साध्या कागदावर किंवा मेसेजवर चालेल. पुढे काही बोलाचाली झालीच तर "काम नीट झालं का" आणि "तुझं बोलणं आवडलं नाही" या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत.
- साधा शर्ट किंवा कंपनीचा युनिफॉर्म.
- कामासाठी वेगळा फोन नंबर. जमत नसेल तर निदान डीपी आणि स्टेटस कामाचं.
- कंपनीमार्फत जात असाल तर तिचे नियम. बहुतेक नवी मुलं ते वाचत नाहीत. सुपरवायझरला दोनच गोष्टी विचारा: गिऱ्हाईकाने त्रास दिला तर काम सोडून यायची मुभा आहे का, आणि फोन कुणाला करायचा.
- तीन-चार तयार वाक्यं. ती तिसऱ्या पायरीत दिली आहेत. पाठ करा, हसू नका.

१. राजकारण नेमकं कुठे सुरू होतं ते ओळखा

"राजकारण बोलायचं नाही" हा नियम सोपा वाटतो, पण पहिल्याच दिवशी अडतो. कारण कामाच्या निम्म्या गोष्टींना कुठे ना कुठे सरकार चिकटलेलं असतं. वायरीचे भाव, कर, परवानग्या, विजेचं बिल.

मी एक साधी रेघ आखली आहे. "तांब्याचा भाव वाढलाय, म्हणून वायर महाग झाली" ही माहिती आहे आणि गिऱ्हाईकाला ती द्यायलाच हवी. "भाव त्या अमक्यामुळे वाढला" हे मत झालं. "नव्या नियमाप्रमाणे हा स्विच बसवावाच लागेल" हे काम. "नियम करणाऱ्यांना अक्कल नाही" हे मत. पहिलं वाक्य बोला आणि दुसरं ओठांवर आलं की पाना उचला.

यातला सापळा असा की आपलं मत आपल्याला मत वाटतच नाही, ती तर "सगळ्यांना दिसणारी गोष्ट" असते. त्यासाठी मी स्वतःशी एक खेळ खेळतो. वाक्यातल्या नेत्याच्या जागी त्याच्या विरोधकाचं नाव घालून बघायचं. तेच वाक्य तेवढ्याच सहजतेने तोंडातून निघत असेल तर बोला. नसेल निघत तर ते मत आहे.

आपल्याच पोटापाण्याचा विषय मात्र वेगळा. मजुरी, अपघाताचा विमा, उंचीवरच्या कामातली सुरक्षितता. गिऱ्हाईकाने स्वतःहून विचारलं, "तुम्हाला यातून किती सुटतं हो?" तर खरं सांगायला काही हरकत नाही. तुमचा अनुभव तुमचा आहे. फक्त त्या गप्पांच्या शेवटी खिशातून सहीचा कागद किंवा पावतीपुस्तक निघता कामा नये. दुसऱ्याच्या घरात कामाला गेलेल्या माणसाने सही, वर्गणी किंवा मत मागू नये. या एका गोष्टीला मी अपवाद ठेवत नाही.

जाता जाता: एखाद्या पक्षाच्या कार्यालयाचं काम आलं तर खुशाल घ्या, मग तो पक्ष कुठलाही असो. वायरीला पक्ष नसतो. पण प्रचार कार्यालयं तात्पुरती असतात, निकाल लागला की कुलूप लागतं आणि तुमचा फोन कुणी उचलत नाही. पैसे निकालाच्या आधी घ्या.

२. दारात शिरण्याआधी

तुम्ही तोंड उघडायच्या आधी तुमचं सामान बोलत असतं. टूलबॉक्सवरचं स्टिकर, टोपी, मनगटावरचा पट्टा, गाडीच्या काचेवरची घोषणा, प्रचारगीताची रिंगटोन. स्वतःच्या गाडीवर काय लावायचं हा तुमचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तीच गाडी गिऱ्हाईकाच्या दारात दिवसभर उभी राहणार असेल तर शेजारच्यांना ती त्या घराची घोषणा वाटते. एका बाईंनी मला गाडी थोडी पुढे लावायला सांगितली होती. कारण विचारल्यावर नुसत्या हसल्या. मला कळलं.

स्टेटसचा घोटाळा याहून मोठा. कामाच्या नंबरवर शंभरेक गिऱ्हाइकं सेव्ह असतात आणि रात्री रागाच्या भरात टाकलेलं स्टेटस सकाळी त्या शंभर घरांत पोचलेलं असतं. एक तर नंबर वेगळा ठेवा, नाहीतर स्टेटस कुणाला दिसावं याची सेटिंग बदला. दोन मिनिटांचं काम आहे.

३. गिऱ्हाईकाने विषय काढला तर

सगळ्यात जास्त वेळा हेच होतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

आधी समोरचा विषय का काढतोय ते ओळखा. बहुतेकांना वेळ घालवायचा असतो. घरात परका माणूस खुडबुड करतोय, शांतता खायला उठते, म्हणून हवेबद्दल बोलावं तसं ते निवडणुकीबद्दल बोलतात. अशा माणसाला तुमच्या मताशी घेणंदेणं नसतं. "यावर घरोघरी वेगवेगळं ऐकायला मिळतं मला" एवढं म्हटलं की भागतं. हे वाक्य मला फार आवडतं, कारण ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा प्रकार चाचपणी करणाऱ्यांचा. "तुमच्याकडे काय वातावरण आहे या वेळी?" यांना तुम्ही कुठल्या गटातले ते जोखायचं असतं. इथे घाईने उत्तर देऊ नका. कामाचा प्रश्न विचारा, आणि तोही असा की ज्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. "हा पॉइंट दाराजवळ घेऊ की खिडकीजवळ?" "स्विच या उंचीवर चालतील ना, लहान मुलं आहेत घरात?" स्वतःच्या घराबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली की माणूस बाकी सगळं विसरतो. "आज उकडतंय" छापाची वाक्यं इतकी कामी येत नाहीत. त्यावर नुसतं "हो" म्हणून गिऱ्हाईक परत मूळ पदावर येतं.

तिसरा थेट विचारतो: "मत कुणाला देणार?" याला मी हसून सांगतो, "पेटीत टाकलं की मी स्वतःसुद्धा विसरतो, काका." यात चोरी काहीच नाही. गुप्त मतदानाची पद्धत कशातून आली ते वाचलं तेव्हा तर मला हे उत्तर आणखी पटलं. ब्रिटनमध्ये १८७२ चा मतदान कायदा येईपर्यंत मत उघडपणे द्यावं लागे आणि कुणी कुणाला मत दिलं याच्या याद्या चक्क छापून निघत. मग जमीनदार कुळांना धमकावत आणि गिऱ्हाइकं दुकानदारांना: आमच्या माणसाला मत दिलं नाहीस तर तुझ्याकडे खरेदी बंद. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्येच छापील, गुप्त मतपत्रिका आणली होती. म्हणजे गिऱ्हाईक आणि मत यांच्यामध्ये पडदा हवा, ही गोष्ट माणसांना दीडशे वर्षांपूर्वी अनुभवातून कळलेली आहे. त्यामुळे उत्तर टाळताना ओशाळं होऊ नका.

चौथा पटवणारा. हा सर्वांत दमवतो. त्याला श्रोता हवा असतो आणि तुम्ही तर चार तास कुठेच जाणार नसता. त्याला मी म्हणतो, "काका, वायर जोडताना बोलणं ऐकायला गेलो की चूक होते माझी. जरा हे संपवतो." हेही खरंच आहे. फेज आणि न्यूट्रल उलट जोडलेलं कुणालाच नको असतं. एक चूक मात्र करू नका: "तुम्ही बोला, मी ऐकतोय." मी एकदा म्हणालो आणि दुपारपर्यंत ऐकत बसलो.

आता या पायरीतला मुख्य सापळा. खोटा होकार.

गिऱ्हाईक काही बोललं, आपल्याला पटलेलं नाही, पण वाद नको म्हणून आपण "बरोबर आहे तुमचं" म्हणतो. सोपं वाटतं. मी एका ठिकाणी असं दोन दिवस केलं. त्या साहेबांनी मला त्यांच्या चार मित्रांकडे पाठवलं, "आपला माणूस आहे" म्हणून. मला आनंद झाला. मग त्यातल्या एकाने "आपल्या माणसाला" सभेच्या स्टेजचं लायटिंग फुकटात करायला सांगितलं. दुसऱ्याने मिरवणुकीला बोलावलं आणि आलो नाही म्हणून रुसला. ज्या मतासाठी मी कधी एक पाऊल टाकलं नसतं, त्याचा मी वायरमन झालो होतो. यातून बाहेर यायला मला वर्ष लागलं आणि चारपैकी तीन गिऱ्हाइकं गेलीच.

शिवाय खोटं हसून दिवसभर मान डोलावण्याने माणूस शिणतो तो वेगळाच. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये याला "भावनिक श्रम" असं नाव दिलं: पगारासाठी चेहऱ्यावर आणायची भावनाही मेहनतच असते. मला ते वाचून बरं वाटलं. संध्याकाळी पाय दुखतात ते दिसतं, पण चुकीच्या गोष्टीला आठ तास "हो" म्हटल्याने होणारी चिडचिड घरच्यांवर निघते आणि ती कुठून आली हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून होकारही नको आणि नकारही नको. "असं वाटतं का तुम्हाला?", "तुम्ही जवळून पाहिलंय, तुम्हाला जास्त माहीत" अशी वाक्यं चालतात. "हं" सुद्धा चालतो. मराठीतल्या "हं"मध्ये केवढी जागा आहे, तिचा उपयोग करा.

४. तुमच्याच जिभेवर आलं तर

आपल्याला का वाटतं की समोरचा आपल्याच मताचा असणार? १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. अंगावर जाहिरातीची मोठी पाटी अडकवून विद्यापीठाच्या आवारात फिरायला तयार आहात का, असं विचारलं. जे तयार झाले त्यांना वाटलं, बहुतेक जण तयार होतील. ज्यांनी नकार दिला त्यांना वाटलं, बहुतेक जण नकारच देतील. आपण जसे आहोत तसंच जग आहे, असा प्रत्येकाचा समज. शिडीवर माझं अगदी हेच झालं होतं.

त्यात गिऱ्हाईक सभ्य असतं, म्हणून समज पक्का होत जातो. तेव्हा सभ्य होकार ओळखायला शिका. उत्तरं आखूड होत जातात. उगाच फोन हातात घेतला जातो. "आलेच हं" म्हणून माणूस आत जातो आणि बराच वेळ येत नाही. नुकतंच पाणी दिलेलं असताना पुन्हा "पाणी देऊ का" विचारलं जातं. माझा हिशोब सोपा आहे: मी दोन वाक्यं बोललो आणि समोरून एकही प्रश्न आला नाही, तर तिसरं वाक्य बोलायचं नाही.

काम करताना गाणी लावायची सवय असेल तर आधी विचारा. बातम्या आणि वादविवादाचे कार्यक्रम तर लावूच नका. स्पीकरवर फोन घेऊन मित्राशी निकालाची चर्चा करणं हेही बोलणंच आहे. "मी तर त्यांना काही बोललोच नव्हतो" ही सबब चालत नाही.

५. एका घरात एकच मत असतं असं नाही

एका घरी यजमान बोलत होते आणि मी हसून "हं, हं" करत होतो. त्यांनी विरोधी बाजूच्या एका बाई नेत्यावर विनोद केला. फार घाणेरडा नव्हता, पण मी हसलो. संध्याकाळी बिल द्यायला त्यांच्या पत्नी आल्या. पैसे मोजून दिले आणि शांतपणे म्हणाल्या, "मी त्यांनाच मत देते. यांना माहीत नाही."

यावर काय बोलायचं हे मला आजही सुचलेलं नाही. तेव्हापासून ज्याच्याशी मी बोलतोय त्याच्याखेरीज आतल्या खोलीत आणखी कुणीतरी ऐकतंय असं धरूनच वागतो. नवरा-बायको, सासू-सून, बाप-मुलगा वाद घालायला लागले आणि "तुम्हीच सांगा हो, कुणाचं बरोबर?" असं तुम्हाला विचारलं, तर गाडीत काहीतरी राहिलंय ते आणायला जा. खरंच जा. पाच मिनिटांनी परत या.

६. बोलणं राजकारणाच्या पलीकडे गेलं तर

करांबद्दल, एखाद्या योजनेबद्दल कुणी काहीही बोललं तरी ते ऐकून सोडून देता येतं. पण "तुमच्यासारख्या लोकांना इथे ठेवायलाच नको", "या जातीचे, या धर्माचे सगळे चोर" असं तुमच्या तोंडावर कुणी बोललं, तर त्याला राजकारण म्हणून गिळायची गरज नाही. इथे गप्प बसण्याचा शिष्टाचार लागू होत नाही. मी असं करतो:

एकदा, आवाज न चढवता सांगायचं. "साहेब, हे मला लागतंय. आपण कामाचंच बोलू." बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं, माणसं वरमतात.

पुन्हा तेच झालं तर काम थांबवायचं, पण अर्धवट धोकादायक अवस्थेत सोडायचं नाही. उघडी टोकं इन्सुलेट करा, बोर्डावर झाकण लावा, मेन सुरू करून एकदा तपासा, जे सर्किट अपुरं आहे ते बंद ठेवून त्यावर चिठ्ठी लावा. राग कितीही असो, लहान मूल बोट घालेल अशी वायर मागे ठेवून निघू नका. प्लंबर असाल तर पाणी गळत नाही ना ते बघा. मग झालेलं काम कागदावर लिहा, फोटो काढा, झालेल्या भागाचं बिल द्या आणि निघा. कंपनीत असाल तर जिन्यातच सुपरवायझरला फोन करा, दुसऱ्या बाजूचा फोन आधी जायला नको.

हात उगारला, दार अडवलं, धमकी दिली, तर वरचं काहीही न करता आधी बाहेर पडा. हत्यारं नंतर आणता येतात.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न: ज्याची मतं मला सहन होत नाहीत अशा माणसाचं काम नाकारू का? स्वतंत्र कारागीर असाल तर सुरू करण्याआधी, फोनवरच "मला जमणार नाही" म्हणा. मात्र काही देशांत आणि शहरांत राजकीय मतावरून सेवा नाकारण्याला कायद्याची आडकाठी असू शकते, ते आपल्यापुरतं बघून घ्या. नोकरीत असाल तर हा निर्णय तुमचा नाही, मालकाचा. काम नाकारणं हे फार जुनं राजकीय हत्यार आहे. "बॉयकॉट" हा शब्दच त्यातून आला. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाच्या, जमीनदाराच्या कारभाऱ्याचं काम करायला शेतमजुरांनी आणि नोकरांनी नकार दिला, दुकानदारांनी माल देणं थांबवलं. पण त्या लोकांनी ते उघडपणे केलं. काम घ्यायचं, पैसे घ्यायचे आणि मताच्या रागापोटी हलकी वायर घालायची किंवा मुद्दाम उशीर करायचा, याला बहिष्कार म्हणत नाहीत.

७. चूक झालीच तर

होणार आहे. माझी अजून होते. लक्षात आल्या आल्या एकदाच म्हणा, "माफ करा, मी उगाच विषय काढला." पुढे स्पष्टीकरण नको. "म्हणजे मला असं म्हणायचं होतं की..." इथून भाषण दुसऱ्यांदा सुरू होतं.

भरपाई म्हणून बिल कमी करू नका. मी एकदा केलं, तर गिऱ्हाईकाला वाटलं कामातच काही खोट आहे आणि त्यांनी सगळे पॉइंट परत तपासायला लावले.

ऑनलाइन वाईट शेरा आला तर उत्तर फक्त कामाबद्दल द्या, दोन ओळीत. रात्री लिहू नका.

८. हेल्परला शिकवा

तुम्ही गप्प आणि बरोबरचा पोरगा घोषणा देतोय, असं होतं. पोरं वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हत्यारांची ओळख करून देताना हेही सांगा आणि गिऱ्हाईकासमोर झापू नका. आमची एक खूण ठरलेली आहे. मी "टेस्टर दे रे" म्हटलं आणि टेस्टर माझ्याच खिशाला दिसत असला, की त्याने विषय सोडायचा.

याची दुसरी बाजूही पाळावी लागते. मालक म्हणून तुम्ही पोरांना तुमच्या मतात ओढू नका. तुमच्यासमोर तो अडकलेला आहे, पगार तुमच्या हातात आहे. गिऱ्हाईकापुढे तुम्ही जसे, तसा तो तुमच्यापुढे.

गिऱ्हाइकांसाठी थोडंसं

हे वाचणाऱ्यांत काम देणारेही असतील. तुमच्या हातात बिल असतं, हे आम्हाला क्षणभरही विसरता येत नाही. म्हणून आम्ही हसलो म्हणजे पटलं असं समजू नका. माणसाच्या नावावरून, बोलीवरून "तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे या वेळी?" असं विचारू नका. तो वायर ओढायला आलाय, कुणाचा प्रतिनिधी म्हणून आलेला नाही. मत पटलं नाही म्हणून पैसे अडवू नका, आणि शेरा लिहिताना कामाला कामाचे गुण द्या. बोलण्याचा त्रास झाला असेल तर तो वेगळा लिहा.

आणि कारागीर थांबतच नसेल तर त्याला थांबवा. तुम्हाला अवघड वाटतं, आम्हाला तितकंसं लागत नाही. "दादा, हा विषय नको, पंख्याचं बघा" एवढं पुरतं. त्या आजोबांनी मला तेवढं म्हटलं असतं तर मी शिडीवर जरा ओशाळलो असतो, आणि पुढच्या आठवड्यात येऊन दोन्ही पंखे बसवले असते.